उज्जयिनीची रेषा आणि खिशातली दिनदर्शिका

उज्जैनला क्षिप्रेच्या काठी राम घाटावर धर्मकृत्यासाठी बसलेल्या यजमानाकडून पुरोहित प्रथम संकल्प सोडवून घेतो. त्या संकल्पात संवत्सर येते, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथी आणि वार येतो. परंतु तेवढ्यावर भागत नाही. आपण कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, तेही उच्चारावे लागते. पैठणचा यजमान गोदावरीचे नाव घेतो, राम घाटावरचा क्षिप्रेचे. या उच्चाराला जुने लोक देशकालोच्चार म्हणतात. देश आणि काळ ही जोडी तेथे फुटत नाही. काळ सांगावयाचा तर स्थळ सांगितलेच पाहिजे, ही गोष्ट पुरोहिताच्या जिभेवर इतकी बसलेली असते की तिच्यात काही विशेष आहे असे त्यालाही वाटत नाही. परंतु आज कोट्यवधी लोकांच्या खिशात जी दिनदर्शिका असते, तिच्यातील बहुतेक घोटाळे ही जोडी फुटल्यामुळेच होतात.

समजा, दोघे भाऊ आहेत. धाकटा उज्जैनला, थोरला अमेरिकेत न्यू जर्सीला. सर्वपित्री अमावास्येस सकाळी नऊ वाजता राम घाटावर वडिलांचे श्राद्ध व्हावयाचे आहे. थोरल्याला येणे शक्य नाही. तो फोनच्या पडद्यावरूनच विधीस बसणार. धाकटा आपल्या फोनमध्ये नोंद करतो आणि ती सामाईक दिनदर्शिकेतून थोरल्याच्या फोनवर जाते. थोरला पाहतो, तर नोंद अमावास्येच्या आदल्या तारखेस, रात्री साडेअकरा वाजता! यंत्र चुकले असे समजून तो ती नोंद बोटाने उचलून दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या घरात ठेवतो. वास्तविक यंत्र चुकलेले नव्हते. त्या ऋतूत न्यू जर्सीचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. उज्जैनला अमावास्येची सकाळ झालेली असताना तेथे आदली रात्र चालू असते. पण थोरल्याने केलेली दुरुस्तीही सामाईक असल्यामुळे ती लगेच धाकट्याच्या फोनवर उमटते, आणि राम घाटावरचे नऊ वाजताचे श्राद्ध तेथे सायंकाळी साडेसहावर जाऊन बसते. दोघांचीही निष्ठा खरी, यंत्रही खरे. आणि तरीही भटजी सकाळी घाटावर, एक भाऊ झोपलेला, दुसरा संध्याकाळची वाट पाहणारा, असा प्रकार होऊ शकतो.

हा प्रश्न फोनाबरोबर जन्मलेला नाही. ज्या गावी आपण या दोघा भावांची कल्पना केली, त्याच गावी तो दीड हजार वर्षांपूर्वी मांडला गेला होता.

प्राचीन भारतीय ज्योतिषाने पृथ्वीवर एक मध्यरेषा कल्पिली. ती विषुववृत्तावरील लंकेतून निघून उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे व पुढे मेरूकडे जाते असे मानीत. ग्रहांचे सारे गणित या रेषेवरील वेळेचे. रेषेच्या पूर्वेला वा पश्चिमेला असणाऱ्या गावाने त्यात आपल्या अंतराप्रमाणे मिनिटे, म्हणजे त्या काळच्या घटका-पळे, मिळवावयाची किंवा वजा करावयाची. याला देशांतर संस्कार म्हणत. उज्जयिनीचा वराहमिहिर, ज्याच्या पंचसिद्धांतिकेचे करणवर्ष शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ आहे, तो याच ग्रंथात यवनपूर आणि अवंती यांच्या वेळेतील अंतर सात घटका वीस पळे देतो, आणि यवनपूर ते वाराणसी हे अंतर नऊ घटका. यवनपूर म्हणजे बहुतेक विद्वानांच्या मते अलेक्झांड्रिया. घटका चोवीस मिनिटांची. तेव्हा अलेक्झांड्रिया ते उज्जैन १७६ मिनिटे झाली. आजच्या रेखांशांवरून हे अंतर सुमारे १८३ मिनिटे येते. तार नाही, रेडिओ नाही, चाकाचे घड्याळसुद्धा नाही, अशा काळी सात मिनिटांची चूक! आजही दिनदर्शिकेतील एखादी चूक तासांनी मोजावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे वराहमिहिराबद्दलचा आदर वाढल्यावाचून राहत नाही.

त्याच ग्रंथात त्याने एक अवघड शंकाही काढली आहे. दिवस सूर्योदयाला सुरू होतो म्हणावे, तर लंकेत सूर्य उगवताना दुसरीकडे मध्यान्ह असते, तिसरीकडे सूर्यास्त, चौथीकडे मध्यरात्र. मग वार कोणाचा धरावयाचा? सोमवार कोठे सुरू झाला? न्यू जर्सीच्या थोरल्या भावाला पडलेला प्रश्न नेमका हाच आहे.

उज्जयिनीची ही कीर्ती ग्रंथांबरोबर पश्चिमेकडे गेली. अरबी ज्योतिष्यांनी तिचे नाव ‘उझैन’ असे लिहिले. पुढे कोण्या नकलकाराच्या हातून ‘झ’वरील टिंब गळले, झाचा र झाला, आणि नावाचे ‘अरीन’ होऊन बसले. अरीन म्हणजे पृथ्वीचा घुमट, जेथून सर्व रेखांश मोजावयाचे, अशी समजूत लॅटिन ग्रंथांतून युरोपात पसरली. कोलंबसाने आपल्या तिसऱ्या सफरीच्या वृत्तान्तात या अरीनचा उल्लेख केला आहे. एका टिंबाने एक शहर नकाशावरून उडाले आणि दुसरे, जे कोठेच नव्हते, ते अस्तित्वात आले. एका यंत्राने लिहिलेले दुसऱ्या यंत्राने चुकीचे वाचणे ही व्याधी अशी पुरातन आहे.

अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने उज्जैनला वेधशाळा बांधली, ती क्षिप्रेच्याच काठी. जयसिंग माळव्याचा सुभेदारही होता. त्याने पोर्तुगालकडे जे शिष्टमंडळ पाठविले त्याच्याबरोबर फादर मानुएल द फिगेरेदो हे जेसुइट पाद्री होते. आणि तिकडून आलेल्या ज्ञानात फ्रेंच ज्योतिषी ला हिर याची कोष्टके होती. जयसिंगाने ती पडताळून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक आढळला. अर्धा अंश म्हणजे फार नव्हे असे वाटेल. पण तेवढे चालावयास चंद्राला सुमारे एक तास लागतो, आणि एका तासाने तिथी सूर्योदयाच्या अलीकडची पलीकडे जाऊ शकते. पॅरिसच्या वेळेची कोष्टके हिंदुस्थानात वापरावयाची तर मधले रेखांशांतर अचूक ठाऊक हवे. १७३४ साली चंदननगराहून फादर बूदिये आणि फादर पाँस हे दोघे जयपूरला निघाले, तेव्हा वाटेतील गावांचे अक्षांश-रेखांश मोजीतच ते गेले. आज फोन उपग्रहाला विचारून जे क्षणात जाणतो, त्यासाठी या दोघांना बंगालपासून राजस्थानपर्यंतची वाट तुडवावी लागली.

पुढे उज्जैन शिंद्यांकडे आले आणि या कथेत मराठी माणसे शिरली. मोडकळीस आलेल्या वेधशाळेची दुरुस्ती १९२३ साली माधवराव शिंदे यांनी करविली, आणि तिचा कारभार पाहिला तो गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने. तेथील सम्राट यंत्रावर सावली पडते ती उज्जैनच्या स्वतःच्या वेळेची. मनगटावरील घड्याळाशी ती जुळत नाही म्हणून पाहुणे यंत्राला हसतात. पण उज्जैनचा रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला, तर भारतीय प्रमाणवेळेचा ८२ अंश ३० कला. यामुळे उज्जैनची मध्यम वेळ प्रमाणवेळेच्या २७ मिनिटे मागे असते. त्यात सूर्याच्या कमीअधिक गतीमुळे पडणारा फरक मिळविला, की वर्षाच्या निरनिराळ्या दिवशी अकरापासून एक्केचाळीस मिनिटांपर्यंत दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती न करता यंत्राला नावे ठेवणारा पाहुणा आणि श्राद्धाची नोंद बोटाने सरकविणारा भाऊ यांत फरक तो कोणता?

परंतु या विषयात सर्वांत मोलाचे काम वेधशाळेत झाले नाही. ते एका शिक्षकाच्या टेबलावर झाले. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे ट्रेनिंग कॉलेजात शिकविणारे गृहस्थ. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास मराठीत प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी मद्रासचे सनदी अधिकारी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत भारतीय कालगणनेची कोष्टके लंडनहून प्रसिद्ध केली. शिलालेखांतील तिथींवरून इंग्रजी तारीख काढण्यासाठी विद्वान आजही ती कोष्टके हाती घेतात. सारे गणित उज्जयिनीच्या वेळेचे. आणि शेवटी गावांची एक यादी. प्रत्येक गावापुढे त्याचे अक्षांश-रेखांश, आणि उज्जयिनीहून त्याची वेळ किती मिनिटे पुढे वा मागे, तो आकडा. मुंबई सुमारे बारा मिनिटे मागे. आज जगातील प्रत्येक फोनमध्ये आणि संगणकात गावांच्या नावांचा व त्यांच्या वेळेच्या नियमांचा जो कोश दडलेला असतो, त्याचा हा छापील पूर्वज म्हणावयास हरकत नाही. दीक्षित १८९८ साली वारले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यांनी केलेल्या कामाच्या मानाने महाराष्ट्राने त्यांची आठवण फारच थोडी ठेवली आहे.

याच सुमारास रेल्वे आणि तार यांनी गावोगावच्या वेळा एकमेकींवर आदळविल्या. पूर्वी मुंबईची वेळ मुंबईपुरती होती. कोणाचे काही बिघडत नव्हते. रेल्वेने मद्रासची वेळ धरली, आणि ती मुंबईच्या तीस मिनिटे पुढे. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिच ही जगाची मूळ रेषा ठरली. १९०६ च्या १ जानेवारीपासून हिंदुस्थानात ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे. गिरणीकामगार बिथरले, महापालिकेत खडाजंगी झाली, आणि शहरात दोन वेळा नांदू लागल्या. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. मुंबईने तर १९५५ पर्यंत. यात परक्या सरकारविरुद्धचा राग होता हे खरेच. पण ज्याला पहाटे ३९ मिनिटे आधी उठून गिरणी गाठावयाची, त्याचा राग केवळ राजकीय होता असे समजणे बरोबर नव्हे.

त्या गोंधळात सामान्य मराठी गृहस्थाने मात्र एक शहाणपणाची युक्ती काढली. जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या वेळेपुढे कंसात ‘स्टँ. टा.’ अशी अक्षरे छापलेली आढळतात. स्टँडर्ड टाइम! मुहूर्त बारा वाजून पंधरा मिनिटांनी, पण कोणत्या घड्याळाचे बारा, ते त्या दोन अक्षरांनी सांगितले. अक्षता हातात घेतलेल्या पाहुण्यांची त्यांमुळे सोय झाली. संकल्पातील देशोच्चार एका छापखान्याच्या कंसात येऊन बसला.

आजची यंत्रदिनदर्शिका आतून हेच करू पाहते. यंत्रांनी एकमेकांना नोंदी कशा लिहून धाडाव्यात याचा एक सामाईक नमुना १९९८ साली ठरला. त्यात वेळ तीन तऱ्हांनी लिहिता येते. एक, जागतिक वेळ, म्हणजे साधारणपणे ग्रिनिचची. दुसरी, घड्याळाची वेळ आणि तिच्याजवळ स्थळाचे नाव. तिसरी, नुसती वेळ, स्थळावाचून. ती जेथे जाल तेथील घड्याळाची होते. तिन्ही उपयोगाच्या आहेत, पण आपापल्या जागी. रोज सकाळी आठ वाजता घ्यावयाचे औषध स्थळावाचून लिहावे. माणूस लंडनला गेला तर तेथील आठ वाजता घ्यावे. वाढदिवस तासांत लिहूच नये. तो ‘पूर्ण दिवस’ म्हणून लिहावा, नाही तर मध्यरात्रीची नोंद पश्चिमेकडे जाता जाता आदल्या दिवसावर घसरते. आणि राम घाटावरचे श्राद्ध स्थळासह लिहावे. नोंद करताना स्थळाच्या रकान्यात भारताची वेळ म्हणून बहुधा कोलकात्याचे नाव येते. येथे इतिहासाने थोडी थट्टा केली आहे. ज्या कलकत्त्याने प्रमाणवेळ बेचाळीस वर्षे दारात उभी केली नाही, त्याच शहराचे नाव जगभरच्या यंत्रांत भारतीय प्रमाणवेळेला मिळाले! प्रदेशातील मोठ्या शहराचे नाव त्या वेळेला द्यावयाचे, असा त्या कोशाचा रिवाज आहे, एवढेच त्याचे कारण.

हा कोश १९८० नंतरच्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने आरंभिला. पॉल एगर्ट व इतर अनेकांनी तो वाढविला, बहुतांशी स्वेच्छेने. जुन्या वेळांची माहिती त्यांनी जेथे मिळाली तेथून घेतली. त्यात फलज्योतिष्यांसाठी छापलेले ॲटलासही होते, कारण जन्मवेळेच्या जुन्या नियमांची चौकशी त्यांच्याइतक्या आस्थेने कोणीच केलेली नव्हती. त्यावरून २०११ साली ज्योतिषाची सॉफ्टवेअरे विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने दोघांवर दावा लावला. काही दिवस कोशाचे मूळ ठिकाण बंद पडले. पुढे २०१२ च्या फेब्रुवारीत दावा मागे घेण्यात आला, आणि कोश एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या देखरेखीखाली गेला. जगाची घड्याळे जुळविणारा ग्रंथ पत्रिका मांडणाऱ्यांच्या भांडणात सापडावा, हे वराहमिहिराला मुळीच नवल वाटले नसते. त्याने दोन्ही शास्त्रांवर लिहिले होते.

तथापि या कोशाला मर्यादा आहेत. १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे एकसारखी चालली, त्यांना तो एकच नाव देतो. म्हणून १९५५ पूर्वीच्या मुंबईच्या वेळेला त्यात जागा नाही. १९४० साली मुंबईत जन्मलेल्या मुलाची वेळ घरच्या वहीत मुंबईच्या घड्याळाने लिहिलेली असेल, तर यंत्र ती प्रमाणवेळ समजून ३९ मिनिटे चुकेल, आणि चुकल्याचे त्याला कळणारही नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. संकष्टी चतुर्थीची नोंद घ्या. मुंबईच्या पंचांगावरून चंद्रोदय रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी, अशी नोंद कोणी भारतातून पाठविली, तर उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या फोनवर ती दुपारी १२ वाजून १२ मिनिटांवर येईल. भर दुपारी चंद्रोदय! येथे वेळेचे रूपांतर बिनचूक आहे, पण रूपांतर करावयासच नको होते. चंद्र न्यू यॉर्कला केव्हा उगवतो ते तेथील अक्षांश-रेखांश घेऊन नव्याने काढले पाहिजे. कधी कधी तर चतुर्थीच निराळ्या दिवशी पडेल. सूर्योदय, चंद्रोदय, सूर्योदयाची तिथी, या गोष्टी एका गावाहून दुसऱ्या गावी उचलून नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुंबईपुण्याचे पंचांग फोनवर जसेच्या तसे उतरवून घेणे आणि मग उपासाचे दिवस जुळत नाहीत म्हणून गोंधळणे, हे आता थांबावयास हवे; त्या त्या शहराचे गणित करून देणारी पंचांगे आज मिळतात.

बाकीच्या तक्रारींची कारणे साधी आहेत. फोनची वेळ हाताने पुढेमागे करू नये. ती आपोआप घेऊ द्यावी. फोनचे स्थळ आणि दिनदर्शिकेचे स्थळ या दोन वेगळ्या निवडी असू शकतात, त्या दोन्ही पाहाव्यात. लंडनच्या बहिणीशी दर रविवारी सायंकाळी सातला बोलावयाचे ठरले, तर ती नोंद कोणाच्या गावाच्या नावे आहे ते विचारावे. ती भारताच्या नावे असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी इंग्लंडचे घड्याळ मागे गेल्यावर बहिणीची वेळ अडीचवरून दीडवर येईल. लंडनच्या नावे असेल तर भारतातल्या भावाला सातऐवजी आठ वाजता बसावे लागेल. आणि थोरल्या भावाप्रमाणे नोंद बोटाने कधीही सरकवू नये. रात्रीचे साडेअकरा विचित्र दिसतात, पण तेच खरे.

स्वतंत्र भारताने पंचांगांची एकवाक्यता करण्यासाठी १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत पुण्याचे ज. स. करंदीकर, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि उज्जैनच्या माधव कॉलेजचे प्राध्यापक वैद्य असे सभासद होते. राष्ट्रीय पंचांगाचे गणित कोणत्या स्थळाचे धरावयाचे? समितीने एक काल्पनिक मध्यस्थान ठरविले. त्याचा रेखांश ८२ अंश ३० कला, म्हणजे प्रमाणवेळेचा. आणि अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचा. रेषा गेली, पण उज्जयिनी अर्धी उरली. तेव्हापासून, म्हणजे १९५७ च्या २२ मार्चपासून, शासनाचे शक पंचांग चालू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत उज्जैनला सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत तीस मुहूर्त मोजणारे घड्याळ उभारले गेले, आणि मूळ रेषा पुन्हा येथेच आणावी असेही अधूनमधून बोलले जाते. रेषा कोठेही काढली तरी बाकीच्या गावांचा देशांतर संस्कार चुकत नाही, हे मात्र असे बोलणारे क्वचितच सांगतात.

उज्जैनला आणखी एक जुळवाजुळव फार वर्षांपासून चालू आहे. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, मराठी माणसाचा अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एक. कृष्ण पक्षात एकच दिवस एकाच्या घरी श्रावणाचा, तर शेजाऱ्याच्या घरी भाद्रपदाचा. तेथील श्रावण मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. श्रावणी सोमवारी महाकालाची सवारी निघते. ती कोणाच्या श्रावणात काढावयाची? सवारी उत्तरेच्या श्रावणात सुरू होते, आणि त्यांचा श्रावण संपला तरी थांबत नाही. पुढच्या पंधरवड्याच्या सोमवारीही निघते. याचे कारण उज्जैनमध्ये शिंद्यांच्या मराठी पंचांगात सांगितले जाते. राखीपौर्णिमा उलटून गेलेली असते. सराफ्याकडचा हिंदी दुकानदार म्हणतो भाद्रपद लागला, मराठी म्हातारी म्हणते आज श्रावणी सोमवार. आणि दुपारी मंदिरातून निघालेली पालखी दोघांच्याही दारांवरून राम घाटावर येते, क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते, आणि दिवेलागणीच्या सुमारास ती परत फिरते.